चारशे वाटाणे दोनदा भिजले

आमच्या बियाणे-भांडाराचे भांडारपाल म्हणजे कुलूपकाका. हे नाव सगळे त्यांच्या तोंडावरच घेत आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. शीतखोलीचं दार लावलं की ते कुलूप ओढून बघत, चार पावलं जाऊन परत येत, पुन्हा ओढत, आणि जिना उतरता उतरता मध्येच थांबून मला विचारत, "लावलं ना गं मी?" सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. या सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक बरणी फुटली नाही की एक चिठ्ठी चुकली नाही. म्हणून त्या बुधवारी शिंप्याच्या वाटाण्याची बरणी उघडली तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

मी तिथे बीजपरीक्षक. बी जिवंत आहे की नाही आणि असलं तर किती जोमाचं, हे सांगणं माझं काम. आमच्याकडे बी खडखडीत वाळवून, हवाबंद बरणीत, गोठणबिंदूच्या खाली ठेवतात. तसं ते वर्षानुवर्षं टिकतं, पण कायमचं नाही. अधूनमधून बाहेर काढून पेरावं लागतं, नवं बी धरावं लागतं. या वाटाण्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि यंदा त्याची पाळी होती.

हा वाटाणा एका शिंप्याने तयार केलेला. दुकानामागच्या अरुंद पट्टीत बारा हंगाम निवड करत करत त्याने ही जात आणली. झाड गुडघ्याएवढं, आधाराला काठी लागत नाही आणि वाऱ्यात लोळत नाही. शिंपी आता हयात नव्हता. त्याच्या मुलीकडे होतं ते बी दोन वर्षांपूर्वी गारपिटीत गेलं. म्हणजे आमच्या माहितीत तरी या बरणीतले चारशे दाणे सोडले तर हा वाटाणा कुठेच उरला नव्हता. मुलगी बस चालवायची. पन्नास दाणे मला परत द्या, असं तिने पत्र लिहून मागितलं होतं.

बरणीतले दाणे गोल, गुळगुळीत हवे होते. पण फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी त्यांची सालं सुरकुतली होती. कित्येकांच्या कडेला तपकिरी रंगाचा वाळका धागा चिकटलेला. मी एक दाणा भिंगाखाली धरला. तो धागा म्हणजे मूळ होतं. बी भिजलं होतं, त्याला मोड आला होता आणि मग कुणीतरी ते पुन्हा वाळवलं होतं.

"काका," मी हाक मारली, "ही बरणी तुम्हीच काढलीत ना?"

"हो."

"दाणे असे का दिसतायत?"

काकांनी बरणीकडे पाहिलं नाही. "जुनं बी आहे गं. एकोणीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" असं म्हणाले आणि कपाटाच्या किल्ल्या उगाचच मोजत बसले.

वाटाण्यांचं वाईट वाटलं त्याहून जास्त काकांचं वाटलं. हा माणूस कधी खोटं बोलत नसे, त्यामुळे बोलायला गेला तर त्याला जमतही नसे. मी त्या दिवशी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, काही सांगितलं नाही. हे माझं चुकलंच. पण काकांनी आपण होऊन सांगावं, म्हणून मी त्यांना एक दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर ठक ठक असा आवाज आला. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून, कुबडीवर रेलत, एकेक पायरी चढत होती. मागे तिची पिशवी धरून कुलूपकाका. त्या काकू होत्या. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, पण आमच्याकडे त्या कधी आल्या नव्हत्या.

"आधी बसायला खुर्ची दे गं," त्या मला म्हणाल्या. बसल्या, कुबडी भिंतीला टेकवली आणि नवऱ्याकडे वळल्या. "हं. बोला आता."

काका हातातली पिशवी कोपऱ्यात नीट लावत बसले.

"अहो, मी स्टुलावरून पडले तर नुसता पाय मोडला. तुम्ही चार दिवस खोटं बोलताय, तुमचं काय काय मोडेल याचा हिशेब नाही. बोला."

मग काका बोलले. शुक्रवारी दुपारी त्यांनी वाटाणे शीतखोलीतून काढले होते. बरणी बाहेरच्या तापमानाला येऊ देऊन, दाणे मोजून कापडी पिशवीत भरले. तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. काकू पंख्यावरची जळमटं काढताना पडल्या होत्या. काका होते तसे धावले. पिशवी टेबलावरच राहिली. वर भिंतीला वातानुकूलन यंत्र होतं आणि त्याचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली. शुक्रवारी संध्याकाळपासून थेंब थेंब पाणी त्या पिशवीवर पडत होतं.

"रविवारी सकाळी हिला दवाखान्यातून घरी आणत होतो, आणि अर्ध्या वाटेत आठवलं," काका म्हणाले. "हिला घरी सोडलं आणि तसाच इथे आलो. पिशवी फुगून टम्म झालेली. आतल्या दाण्यांना पांढरे मोड."

"मग?"

"मग कागदावर पसरले आणि टेबलपंखा लावला. हीटर नाही लावला हं, तेवढी अक्कल शाबूत होती. मंगळवारी वाळले तेव्हा बरणीत भरले. मला वाटलं, वाळलं की होतं तसं होईल. झाकली मूठ..."

"उघडा ती मूठ आणि बघा आत काय उरलंय ते!" काकू म्हणाल्या. "घरात चार दिवस नुसती अळीमिळी गुपचिळी. जेवण नाही, झोप नाही. पाय माझा मोडलाय आणि वाचा यांची बसलीय. काल शेवटी काढून घेतलं सगळं."

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. राजीनामा होता.

आम्ही तिघे मोठ्या बाईंकडे गेलो. मोठ्या बाई उंच, सरळ पाठीच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, राजीनामा वाचला आणि काकांच्या हातात परत दिला.

"तुम्ही रविवारीच फोन करायला हवा होता."

"हो, बाई."

"हे सगळं स्वतःच्या अक्षरात नोंदवहीत लिहा. नळी तुंबल्याचंही लिहा, तो दोष तुमचा नाही. आणि राजीनामा कसला देताय? बायकोचा पाय मोडलाय, रजा मागा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जिवंत किती आहेत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "सगळे मेले असतील किंवा बरेचसे वाचलेही असतील."

"मग पन्नास दाणे रात्रभर पाण्यात घाल आणि लाव चाचणीला. नियमाप्रमाणे."

"नको. पाण्यात घातले तर जे वाचलेत तेही जातील."

मोठ्या बाईंनी भुवई उंचावली. काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणून जे सांगायचं ते मी त्यांनाही कळेल असं सांगितलं.

बियाच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. साठवलेलं अन्न आणि हवेतला प्राणवायू घेऊन पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. बी वाळतं तेव्हा त्यांचं काम बंद पडतं, पण त्या मरत नाहीत. अंग चोरून पडून राहतात. पाणी मिळालं की त्यांची पातळ आवरणं पुन्हा ठाकठीक होतात, काम सुरू होतं आणि त्या ऊर्जेवर मूळ बाहेर पडतं. मूळ बाहेर पडायच्या आत बी परत वाळवलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण वाळणं सोसायची तयारी त्याच्यात अजून असते. पण मूळ एकदा बाहेर पडून वाढायला लागलं की ती तयारी संपते. त्यानंतर वाळवलं तर आवरणं फाटतात. मग नंतर कितीही पाणी द्या, ऊर्जा काही तयार होत नाही.

"म्हणजे मी वाळवलं तेच चुकलं?" काकांनी विचारलं.

"ज्यांना मूळ आलं होतं त्यांच्या बाबतीत, हो. पण ज्यांना आलं नव्हतं ते ओले राहिले असते तर सोमवारपर्यंत तेही फुटले असते किंवा कुजले असते. त्यांना तुम्ही थांबवलंत."

काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

"पण खरी पंचाईत पुढेच आहे," मी म्हणाले. "वाळलेलं आवरण ठिसूळ असतं. त्यावर एकदम गार पाणी घुसलं तर ते सावरायच्या आतच पेशीतला माल बाहेर गळतो. हे दाणे तर आधीच एकदा हाल सोसून बसलेत. म्हणून आधी एक दिवस दमट हवेत ठेवू. मग ओलसर कागदावर, उबदार जागी. घाई केली की संपलं."

"हे नियमात नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"दोनदा भिजणारं बीही नियमात नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सगळे चारशे एकदम डावावर लावू नकोस. आधी थोडे कर, आणि मला रोज सांग."

आम्ही दाणे निवडायला बसलो. तीन ढीग करायचे होते. पहिल्यात साल अखंड असलेले, दुसऱ्यात मूळ नुसतं डोकावलेले आणि तिसऱ्यात मूळ लांब वाढून वाळलेले. माझं भिंग हातात धरायचं. काकूंनी पिशवीतून स्वतःचं घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्यात घट्ट बसवलं आणि दोन्ही हात मोकळे ठेवून चिमट्याने दाणे उचलायला लागल्या. मी दहा करेपर्यंत त्यांचे पंचवीस व्हायचे.

"हा तू पहिल्या ढिगात टाकलास. नीट बघ, टोक दिसतंय," त्या मला म्हणाल्या.

"कुठे?"

"अगं, सेकंदकाट्याच्या टोकाएवढं. तुला दिसायचं नाही. तुम्ही लोक फार मोठ्या वस्तू बघता."

वाटाण्याला मोठी वस्तू म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. काकासुद्धा हसता हसता राहिले. दुपारपर्यंत ढीग झाले. पहिल्यात दोनशे त्रेसष्ट, दुसऱ्यात शहाऐंशी, तिसऱ्यात एक्कावन्न. प्रत्येकातले दहा दहा दाणे मी जाळीवर ठेवले आणि खाली पाणी असलेल्या बंद डब्यात दमट हवेला सोडले.

शुक्रवारी सकाळी ते तीस दाणे काचेच्या तीन छोट्या बाटल्यांत ओलसर कागदावर घातले. प्रत्येक बाटलीच्या बुचात प्राणवायू मोजणारी तार, तिच्या दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारं यंत्र. बी जिवंत असेल, त्याच्या तंतुकणिका कामाला लागल्या असतील, तर बाटलीतला प्राणवायू वापरला जाणार आणि आकडा उतरणार. मेलेलं असेल तर आकडा जागचा हलणार नाही. साध्या हवेत तो वीस पूर्णांक नऊ टक्के असतो. तिन्ही पडद्यांवर तोच दिसत होता.

काका रजेवर होते, तरी आले होते. गुडघ्यांवर हात ठेवून स्टुलावर बसले. एक तास झाला. वीस पूर्णांक नऊ. मोठ्या बाई आल्या, उगाचच एक फाइल उचलली, परत ठेवली, गेल्या. दीड तास झाला. काकांनी खिडकी बंद केली, मग उघडली. मोठ्या बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी तीच फाइल उचलली.

सव्वाअकराच्या सुमारास पहिल्या बाटलीचा आकडा वीस पूर्णांक आठ झाला. यंत्र एवढंतेवढं हलतंच. मग सात. मग बराच वेळ सातच. मग सहा. मग पाच.

"कमी होतंय!" काका ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, कमी होतंय! आता काय करायचं?"

"काही नाही करायचं, काका. कमीच व्हायला हवं. ते श्वास घेतायत."

"कोण?"

"वाटाणे!"

काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. मोठ्या बाईंनी फाइल खाली ठेवली, स्वतः जाऊन पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्यासमोर धरला.

दुसऱ्या बाटलीचा आकडाही उतरला, पण रेंगाळत. तिसरीचा शेवटपर्यंत हलला नाही आणि संध्याकाळी तिच्यातल्या कागदावर तपकिरी डाग दिसले. आतला माल गळून गेला होता. ते मला अपेक्षितच होतं, तरी बघून वाईट वाटलं.

मग उरलेल्या तीनशे सत्तर दाण्यांना तसंच दमट हवेतून ओल्या कागदावर आणलं. पहिल्या ढिगाने तर कमालच केली. आमच्याकडचा कुठलाही वाटाणा एरवी तिसऱ्या दिवशी मूळ काढतो, याने दुसऱ्याच दिवशी काढलं. पहिल्या भिजण्यात आतली बरीचशी जुळवाजुळव होऊन गेली होती आणि वाळल्यावरही ती वाया गेली नव्हती. काही ठिकाणी तर बी लवकर उगवावं म्हणून मुद्दाम असं भिजवून वाळवतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा मोठ्या बाई मागे उभ्या होत्या.

"तुम्ही मुद्दाम करायला जाऊ नका," त्या काकांना म्हणाल्या. ही थट्टा होती हे आम्हाला त्या खोलीबाहेर गेल्यावर कळलं.

आठव्या दिवशी मोजणी केली. पहिल्या ढिगातले दोनशे एक्कावन्न उगवले. दुसऱ्यातले एकाहत्तर. तिसऱ्यातला एकही नाही. तो ट्रे टाकून द्यायला मी उचलला, तर काका म्हणाले, "राहू दे ना अजून दोन दिवस. जागा काय अडलीय?" मी ठेवला. दहाव्या दिवशी त्यातल्या सात दाण्यांनी, मुख्य मूळ मेलेलं असताना, वरच्या बाजूने बारीक बारीक नवी मुळं काढली. मूळ गेलं होतं, पण अंकुराच्या बुडाशी कुठेतरी थोड्या पेशी तग धरून होत्या. अकरा वर्षं मी हे काम करत होते, पण एवढ्या हालातून असं सावरलेलं बी मी पाहिलं नव्हतं. काकांनी घरी फोन लावला आणि "सात, अगं, सात!" एवढंच तीनदा म्हणाले. पलीकडून काकू विचारत होत्या, "वाजलेत का?"

एकूण तीनशे एकोणतीस रोपं. मोठ्या बाईंनी आकडा दोनदा तपासला. मग खुर्चीला पाठ टेकली. त्यांना पाठ टेकवून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात शिंप्याची मुलगी आली. गणवेशातच होती. बस खाली उभी करून मधल्या सुट्टीत वर चढली होती. पन्नास दाण्यांऐवजी आम्ही तिला पन्नास रोपं देणार होतो. मी बोलायला तोंड उघडणार, तोच काका पुढे झाले.

"ताई, तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "माझ्या हातून तुमच्या वडिलांचं बी भिजलं. मी ते गुपचूप वाळवलं आणि चार दिवस कुणाला बोललो नाही. एकाहत्तर दाणे गेले. तुम्हाला रागवायचं असेल तर मला रागवा."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग ट्रेकडे बघितलं. मग तिच्या तोंडावर हसू फुटलं आणि बघता बघता ती पोट धरून हसायला लागली.

"अहो काका, बाबांनी एकदा सगळं बियाणं शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आईने तो शर्ट धुवायला टाकला! रात्रभर बादलीत, दुसऱ्या दिवशी दिवसभर तारेवर. संध्याकाळी इस्त्री करायला घेतला तेव्हा बाबांच्या हाताला खिसा कडक लागला. दोघांचं असं भांडण झालं म्हणून सांगू, आठ दिवस अबोला! मग जे उगवले तेवढेच पुढे ठेवले त्यांनी. वीस-बावीस असतील. हा वाटाणा त्या दाण्यांपासूनचाच."

काका आणि मी आ वासून ऐकत होतो. बादलीतून वाचलेल्या त्या वीस-बावीस दाण्यांमुळे पुढच्या पिढ्यांत काही जास्तीचा चिवटपणा आला की नाही, हे एका गोष्टीवरून सांगता येत नाही. तपासायला मला दहा वर्षं लागतील आणि मी ती लावणारही आहे. पण काकांना पुरावा नको होता.

"म्हणजे याला सवय आहे," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसले. त्यांचा खरा हसण्याचा आवाज मी विसरूनच गेले होते. फार मोठा होता.

बसची वेळ झाली होती. एक ट्रे तिने घेतला, दुसरा काकांनी. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तिने पहिल्या बाकावर बसलेल्या एका जाड्या गृहस्थांना उठवून मागे बसवलं आणि त्यांच्या जागी रोपं ठेवली. गृहस्थ कुरकुरले असावेत, कारण काका खालून हात हलवून त्यांना काहीतरी लांबलचक समजावत होते. बस निघाली तरी दोन पावलं तिच्याबरोबर चालत काका ओरडत होते, "खिडकी अर्धीच उघडी ठेवा! वारा एकदम नको!"